पंडिता रमाबाई : विद्या आणि विनय

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, आजच्या कर्नाटक राज्यात, गंगामूळ नावाचे एक निबिड अरण्य आहे. तुंगा आणि भद्रा या नद्यांचा उगम त्याच डोंगरात होतो. माणसांची वस्ती तेथे विरळ, वन्य पशूंचा वावर मात्र फार. अशा या रानात अनंतशास्त्री डोंगरे नावाच्या एका विद्वान ब्राह्मणाने आश्रम बांधला होता. या आश्रमात २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांना एक कन्यारत्न झाले. तिचे नाव रमा ठेवण्यात आले. हीच रमा पुढे पंडिता रमाबाई या नावाने देशोदेशी विख्यात झाली.

अनंतशास्त्री अरण्यात येऊन राहिले, त्याला कारण होते. तरुणपणी ते पुण्यास विद्याभ्यास करीत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. त्या बाईंच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्री चकित झाले. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती. परंतु आपणही आपल्या पत्नीला ही विद्या द्यायची, असा त्यांनी मनाशी निश्चय केला. पुढे पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी शिकवावयास आरंभ केला, तेव्हा घरच्यांनी आणि गावच्यांनी विरोध केला. धर्मपंडितांच्या सभेपुढे त्यांना जाबही द्यावा लागला. शेवटी लोकांच्या कटकटीपासून दूर जावे, म्हणून त्यांनी रानाचा आश्रय घेतला.

रमा जेमतेम सहा महिन्यांची झाली आणि डोंगरे कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले. तेव्हापासून या कुटुंबाने तीर्थयात्रेचे जीवन पत्करले. आज हे क्षेत्र, तर उद्या ते. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, आणि उरेल ते दानधर्मात खर्च करावे, असा त्यांचा क्रम होता. दिवसभर लक्ष्मीबाईंना कामातून उसंत नसे. म्हणून त्या भल्या पहाटे, पाखरांची किलबिल सुरू होण्याच्या वेळी, निजलेल्या रमेला कुशीत घेऊन जागे करीत आणि तिला श्लोक शिकवीत. आईच्या मांडीवर बसून ऐकलेले ते श्लोक मुलीच्या स्मरणात कायमचे कोरले गेले. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला लहान वयातच मुखोद्गत झाले. शाळेची पायरीही न चढलेली ही मुलगी अशा रीतीने मोठमोठ्या शास्त्र्यांच्या तोडीची विदुषी झाली.

परंतु विद्येने माणसाला जे द्यावे, ते सर्वच तिने अजून दिले नव्हते. याची कडू जाणीव या कुटुंबाला लवकरच झाली. १८७४ नंतरच्या वर्षांत दक्षिण भारतात भयंकर दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास कोणी येईना, दक्षिणा कोणी देईना. घरातील भांडी गेली, दागिने गेले, अंगावरची चांगली वस्त्रेही विकून झाली. पुढे पुढे तर रानातील पाला खाऊन दिवस काढावे लागले. घरात शास्त्रे जाणणारी माणसे होती, पण मजुरी कशी करावी, हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. इतकेच नव्हे, तर आपण विद्वान, आपण उच्च कुळातील, तेव्हा आपण हलके काम कसे करावे, हा अभिमान आड येत होता. भीक मागण्यास लाज वाटत होती आणि काम करण्यातही लाज वाटत होती. त्या अभिमानाची किंमत किती मोठी होती, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

प्रथम वडील गेले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आई गेली. आईला स्मशानात नेण्यास चार खांदेकरी मिळेनात. मोठ्या प्रयासाने दोन माणसे आली. उरलेला भार भाऊ श्रीनिवास आणि रमा यांनी उचलला. रमा उंचीने लहान, म्हणून तिला तिरडी खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावी लागली. अशा स्थितीत ती कोवळी मुलगी कोसभर वाट तुडवून आपल्या आईला, आपल्या पहिल्या गुरूला, निरोप देऊन आली. पुढे थोरली बहीणही निवर्तली. रमा आणि श्रीनिवास ही दोघे भावंडे तेवढी उरली. त्यांनी पायी प्रवास करीत सारा देश पालथा घातला. थंडी, ऊन आणि उपवास यांची त्यांना सवय झाली. रात्री नदीकाठच्या वाळूत खळगा करून आणि वर वाळू पांघरून निजण्याचीही पाळी त्यांच्यावर आली.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या महाराष्ट्रीय तरुणीची कीर्ती ऐकली आणि तिची परीक्षा घेण्याचे ठरविले. मोठी सभा भरली. पंडितांनी एकामागून एक प्रश्न विचारले आणि तिने अस्खलित संस्कृतात त्यांची उत्तरे दिली. सभा थक्क झाली. विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. एखाद्या स्त्रीला असा मान मिळाल्याचे त्या काळी कोणाच्या ऐकिवात नव्हते. गावोगाव व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागली आणि वर्तमानपत्रांतून तिची स्तुती छापून येऊ लागली. काल जिला मूठभर धान्य मिळत नव्हते, तिच्यावर आज पुष्पवृष्टी होत होती.

अशा वेळी डोके फिरणे सोपे असते. रमाबाईंचे तसे झाले नाही. स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावी, अशी विद्वानांनी त्यांना विनंती केली, तेव्हा त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. वाचता वाचता त्यांच्या मनात अनेक शंका उत्पन्न झाल्या. इतके ग्रंथ, इतके मतभेद. मग स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र बहुतेकांचे एकमत कसे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. टाळ्यांचा कडकडाट हा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हता.

दुःखाचे दिवस अजून संपले नव्हते. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन झुगारून नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्यांना मनोरमा ही कन्या झाली. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची किती निकड आहे, हे त्यांनी निर्भयपणे सांगितले.

वैद्यकीचे शिक्षण घ्यावे, या हेतूने १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. परंतु त्यांना कानांनी कमी ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे डॉक्टर होण्याची आशा सोडून द्यावी लागली. याच काळात त्यांनी एक दृश्य पाहिले. लंडनजवळ फुलम येथे त्या भगिनींचे एक आश्रयस्थान होते. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकून दिले, अशा स्त्रियांची तेथे मायेने देखभाल होत असे. या स्त्रियांना कोणी शिक्षा करीत नव्हते, कोणी हिणवीत नव्हते. उलट सुशिक्षित, कुलीन भगिनी त्यांची सेवा करीत होत्या. या भगिनींना असे करण्याची बुद्धी कोठून होते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना येशू ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविण्यात आली. लोक जिला दूर ठेवीत, त्या स्त्रीपाशी ख्रिस्ताने विहिरीकाठी पाणी मागितले आणि तिला परमार्थाच्या गोष्टी सांगितल्या, अशी ती कथा आहे. जे उत्तर शेकडो ग्रंथांत सापडले नव्हते, ते रमाबाईंना येथे सापडल्यासारखे वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने महाराष्ट्रातील त्यांच्या अनेक चाहत्यांची मने दुखावली. इकडे इंग्लंडमध्येही सारे सुरळीत नव्हते. रमाबाई चेल्टनम येथील महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, विज्ञान व इंग्रजी शिकत. आपल्या नव्या धर्मातील प्रत्येक मत त्या पारखून घेत. वडीलधाऱ्या भगिनींनी सांगितले म्हणून मुकाट्याने मान तुकवावी, हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे कधी कधी पत्रांतून कडक वाद होत. भगिनींना त्यात गर्व दिसे. रमाबाईंना मात्र वाटे, की देवाने बुद्धी दिली आहे ती वापरण्यासाठीच. आपली राहणीही त्यांनी सोडली नाही. परदेशातही त्या शाकाहारी राहिल्या आणि आपला देशी पोशाखच वापरीत राहिल्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १८८७ साली तेथे प्रसिद्ध झाला आणि पुष्कळ गाजला. बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी संस्थाही निघाली. त्या मदतीच्या बळावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली. पुढच्याच वर्षी ती पुण्यास नेली. या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

आता रमाबाईंजवळ काय नव्हते? संस्कृतचे पांडित्य होते, इंग्रजीवर प्रभुत्व होते, तीन खंडांत कीर्ती होती. धर्माचाही त्यांनी सखोल अभ्यास केला होता. तरीही मनाला शांती नव्हती. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. तो गृहस्थ अनेक वर्षे धर्म शिकवीत होता, पण एके दिवशी त्याला उमगले, की आपण देवाविषयी बोलतो, परंतु देवाला शरण गेलेलो नाही. हे वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे लोटली होती. ख्रिस्ती धर्म आपण बुद्धीने जिंकला, पण आपले मन ख्रिस्ताला दिले नाही, असे त्यांना कळून आले. ज्ञान मिळविणे हे एक, आणि त्या ज्ञानापुढे आपण नम्र होणे हे दुसरे. पहिल्यासाठी स्मरणशक्ती पुरते, दुसऱ्यासाठी अभिमान टाकावा लागतो. पंडिता ही पदवी मिळविलेल्या स्त्रीला आपण एका लहान मुलाप्रमाणे देवापुढे रिक्तहस्त उभे आहोत, हे कबूल करावे लागले. ही कबुली कोणत्याही सभेत द्यावयाची नव्हती. ती स्वतःशीच द्यावयाची होती आणि म्हणूनच अधिक अवघड होती.

यानंतर त्यांच्या मार्गात मोठी कसोटी आली. शारदा सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस जाऊन बसू लागल्या. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले असताना हे कसे चालते, असा आक्षेप पुण्यातील लोकांनी घेतला. ज्या थोर सुधारकांनी रमाबाईंना आधार दिला होता, त्यांनीही १८९३ साली आपला संबंध तोडला. पुष्कळ मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. त्या सुधारकांची बाजूही अगदीच निराधार नव्हती. आपला विश्वासभंग झाला, असे त्यांना वाटले. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र आपल्या प्रार्थनेचे दार बंद करणे हे असत्य आचरण झाले असते. कीर्ती आणि लोकांचा आश्रय दोन्ही दूर गेली, तरी त्यांनी शाळा चालूच ठेवली.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता आल्या. त्या ऐकून रमाबाईंना आपले बालपण आठवले. भूक म्हणजे काय, हे त्यांना ग्रंथांतून शिकावयाचे नव्हते. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि अन्नावाचून मरणाऱ्या, निराधार झालेल्या मुलींना व स्त्रियांना गोळा करून घेऊन आल्या. पुण्यापासून काही अंतरावर, सोलापूरच्या लोहमार्गावर, केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेथे सुमारे तीनशे मुलींची सोय झाली. आरंभी छप्परेही धड नव्हती. याच जागी मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या आणि सदनातील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींपैकी कित्येकींना खरूज झालेली, केसांत उवा, अंगावर धडके वस्त्र नाही. शिस्त म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना न्हाऊ घालणे, खाऊ घालणे, त्यांच्या जखमा बांधणे हे काम त्या सदनात दिवसरात्र चालले. ज्या घरातील माणसांना एकेकाळी हलके काम करण्याची लाज वाटत होती, त्या घरातील कन्या आता या कामाची प्रमुख होती. गुरूने शिष्यांचे पाय धुवावे, हा ख्रिस्ताने घालून दिलेला धडा येथे रोजच्या व्यवहारात उतरला होता.

रमाबाईंनी बालपणीचा दुसरा धडाही लक्षात ठेवला होता. श्लोक येतात पण पोट भरण्याची कला येत नाही, अशी स्थिती त्यांनी आपल्या मुलींवर येऊ दिली नाही. मुक्तिसदनात अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवणकाम, दुधाचा व्यवसाय, तेलाचा घाणा अशी नाना कामे शिकविली जात. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. ते मनोरमाबाई देत. सदनाचा स्वतःचा छापखाना होता आणि त्यात मुलीच खिळे जुळवीत, छपाई करीत व पुस्तके बांधीत.

याच छापखान्यासाठी रमाबाईंनी आपल्या आयुष्यातील शेवटचे मोठे काम हाती घेतले. बायबलचे मराठी भाषांतर पूर्वी झालेले होते. परंतु त्याची भाषा संस्कृतप्रचुर असल्यामुळे खेड्यापाड्यांतील साध्या बायकांना ती समजत नसे. तेव्हा संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणावे, असे रमाबाईंनी ठरविले. मूळ ग्रंथ हिब्रू आणि ग्रीक या भाषांत आहेत, म्हणून उतारवयात त्या या दोन्ही भाषा शिकल्या. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. संस्कृत शब्दांचा ज्यांच्यापाशी अखंड साठा होता, त्यांनीच तो बाजूला ठेवावा आणि शेतात खपणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधावा, हे सोपे नव्हते. अवघड शब्द त्यांना सहज सुचत. सोपा शब्द मिळविण्यासाठी मात्र तपश्चर्या करावी लागे. कलकत्त्याच्या सभेत विद्वानांना चकित करण्यासाठी जी विद्या कामी आली, ती आता अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या दाराशी विनयाने उभी राहिली होती.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक देऊन गौरविले. परंतु दोनच वर्षांनी, १९२१ च्या जुलैत, त्यांची एकुलती एक कन्या आणि सदनाचा आधार असलेल्या मनोरमाबाई त्यांच्या आधी निघून गेल्या. रमाबाईंची प्रकृतीही खचली होती. तरीही भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होते. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास थोडेच दिवस उरले असता, रमाबाईंनी केडगाव येथे शांतपणे देह ठेवला. १९२४ साली त्यांचे बायबल सदनाच्या छापखान्यातून छापून बाहेर पडले.

विद्या ही धारदार शस्त्रासारखी आहे. ती मिरविण्यासाठी वापरली, तर तिचा कोणाला उपयोग होत नाही; ती गर्वासाठी वापरली, तर ज्याची त्यालाच इजा करते. रमाबाईंनी विद्येचा त्याग केला नाही. शेवटच्या श्वासापर्यंत त्या विद्यार्थिनीच राहिल्या. त्यांनी त्याग केला तो विद्येच्या अभिमानाचा. देवाला शरण जाणे म्हणजे बुद्धी बाजूला ठेवणे नव्हे, तर ती दुसऱ्याच्या कल्याणासाठी वाहून टाकणे, हेच खरे शहाणपण त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले. पंडिता ही पदवी त्यांना विद्वानांनी दिली होती. केडगावच्या निराधार मुलींनी तिला खरा अर्थ दिला.